चाकं कुठं?

अप्पांनी विमानासाठी नवे फ्लोट घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा चिमीनं कपाळावर हात मारला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारा, आणि म्हणे विमान उडवणार. पण बापाला नाही कोण म्हणणार? पन्नाशीला टेकली तरी त्यांच्यापुढे ती चिमीच.

फ्लोट म्हणजे विमानाच्या पोटाखाली बसवलेल्या दोन लांब होड्या, त्यांच्यावर ते पाण्यात उतरतं. आई गेल्यापासून विमान हँगरमध्ये धूळ खात पडलं होतं, आणि जुन्या फ्लोटना गंजून भोकं पडली होती. आता वाटा दोनच. साधे फ्लोट घेतले तर विमान फक्त पाण्यावर उतरणार. म्हणजे ते कायम लांबच्या तळ्यावर ठेवायचं, आणि अप्पांना तिथवर चिमीनं गाडीनं न्यायचं. चाकांचे घेतले, तर घरामागच्या धावपट्टीवरून मनात येईल तेव्हा भुर्र. पूर्वीचे चाकांचेच होते. अप्पांना तेच हवे होते, आणि ते एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नसत.

चाकांच्या फ्लोटची मेख एकच. जमिनीवर उतरताना चाकं खाली हवीत, पाण्यात उतरताना वर. खाली राहिली आणि तशीच पाण्याला टेकली, की विमान कोलांटी खातं. पुढचं देव जाणे. चिमीची झोप उडाली होती ती याच भीतीनं.

फ्लोट विकणारा मोठा गोडबोल्या. त्यानं चाकांचे फ्लोट बसवलेल्या स्वतःच्या विमानातून चक्कर मारून बघा म्हणून गळ घातली. अप्पा डावीकडे चालकाच्या जागी, तो उजवीकडे, चिमी मागे. अप्पांचा हात अजून तसाच हलका होता. उगाच घाबरले मी, असं चिमीला वाटलं. खाली तळं दिसलं आणि तिला लहानपण आठवलं. अशाच मागच्या सीटवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची. समोर आईची वेणी, थर्मासमधल्या चहाचा वास. आणि पाणी जवळ आलं की आई न चुकता एक प्रश्न विचारायची, भाजीत मीठ घातलंय ना, असं विचारावं इतक्या सहज.

विमान खाली येऊ लागलं. अप्पांनी चाकांच्या दांड्याला हातही लावला नाही. चिमीनं खिडकीतून वाकून पाहिलं. धावपट्टीवरून उडताना होती तशीच चाकं खाली लोंबत होती.

तिच्या तोंडून हुबेहूब आईचा सूर निघाला. "अहो, चाकं कुठं?"

अप्पा दचकले. गोडबोल्याचा हात दांड्याकडे गेलाच होता, पण अप्पांनी दांडा आधी ओढला आणि चाकं वर घेतली.

"पोटात," ते म्हणाले. पूर्वी आईला द्यायचे तेच उत्तर.

पाण्यावर टेकल्यावर अप्पांनी इंजिन बंद केलं. गोडबोल्या सवलतीचं काहीबाही सांगत होता, पण ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"इतकी वर्षं मला वाटायचं, चाकं मी लक्षात ठेवतो," अप्पा म्हणाले. "लक्षात ती ठेवायची गं. मी नुसतं उत्तर द्यायचो. आपण साधेच घेऊ."

चिमीला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही आलं. मनात येईल तेव्हा उडणं संपलं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं संपवलं होतं.

साधे फ्लोट बसले, विमान तळ्यावर गेलं, आणि एका रविवारी दोघं उडाले. या वेळी चिमी आईच्या जागेवर बसली होती. वारा बेताचा, पाणी शांत. उतरायला कसली म्हणून अडचण नव्हती. तरी अप्पांनी तळ्यावर एक घिरटी घातली, मग दुसरी, मग तिसरी. उतरायचंच विसरले की काय हे?

"अप्पा, उतरवा की आता. काय झालं?"

"अगं, कुणी विचारलं नाही अजून."

त्या विमानाला आता चाकंच नव्हती. चिमीनं डोळे पुसले आणि विचारलं.