हुकूम शिरसावंद्य, पण...

स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतीत, कार्ताहेना बंदरात जहाज लागलं आणि गव्हर्नर गास्पार यांचं रक्त उसळलं. स्पेनच्या राजाचा हुकूम आला होता, म्हणजे नवा कर असणार! रिवाजाप्रमाणे त्यांनी हुकमाचा मुका घेतला, तो डोक्यावर ठेवला आणि सज्जातून ते चौकातल्या गर्दीपुढे गरजले, "हुकूम शिरसावंद्य, पण अंमल होणार नाही!"

टोप्या उडाल्या, घंटा घणघणल्या.

"अहो, आधी वाचायचा तरी!" बायको लेओकादिया कळवळली. माद्रिदला बदली मिळेल म्हणून ती वर्षभर पेट्या भरून बसली होती.

"त्या दरबारी गाढवांचं काय वाचायचं?"

तिने कागद हिसकावून वाचला. "बदली दिलीय, बदली!"

गास्पार यांचा चेहरा उतरला. खाली गर्दी नाचत होती, "आमचा गव्हर्नर चिरायू होवो!"

"आता गं?"

"आता हात हलवा त्यांना. मी पेट्या रिकाम्या करते."