टाचणवहीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी टाचणवही आहे आणि मला त्या टॅबचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याच्याविषयी काही वाकडं बोलले, तर तुम्ही समजून घ्याल.

टाचण म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. उद्या वर्गात काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कोणतं साहित्य लागेल, हे शिक्षक आदल्या दिवशी लिहून ठेवतात. ते सगळं माझ्यात असतं. नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानातून ललिताबाईंनी मला विकत घेतलं, खाकी कव्हर घातलं आणि घोटीजवळच्या एका लहानशा गावातल्या शाळेत आणलं. तेव्हा त्यांच्याकडे तिसरीचा वर्ग होता. दर सोमवारी मुख्याध्यापक निवृत्ती सर माझ्यावर सही करायचे.

खरं सांगायचं तर माझी निम्मी पानं आधीच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली आहेत. सही हवी म्हणून लिहिलेली. बाईंना ते माहीत होतं आणि सही करणाऱ्या सरांनाही. पण माझा समास पाहा. तिथे बाई वर्ग सुटल्यावर पेन्सिलने लिहायच्या. ‘काड्यांचे गठ्ठे केले तेव्हा वजाबाकी समजली.’ ‘कविता फसली. उद्या पुन्हा.’ ‘पूजा बोटांच्या पेरांवर मोजते. वेळ लागतो. मध्ये बोलू नये. उत्तर बरोबर येते.’ त्या समासाचा मला फार तोरा होता.

मग यंदा जूनमध्ये मुलं चौथीत गेली, बाईही त्यांच्याबरोबर चौथीला आल्या आणि एका संस्थेने शाळेला टॅब दिला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती म्हणे. बाईंनी धड्याचं नाव सांगायचं, की उद्दिष्टं, कृती, खेळ, प्रश्न सगळं तयार. माझ्यावर बाई दीड दीड तास मान मोडून लिहायच्या. हा दोन मिनिटांत मोकळा.

“बाई, हे बेस झालं,” निवृत्ती सर म्हणाले. “आता तुमचा हात दुखायचा नाही.”

माझ्यावर त्यांनी इतक्या सह्या केल्या, पण बाईंचा हात दुखतो हे त्यांना तेव्हा कधी सुचलं नव्हतं.

मला कपाटात टाकलं, जुन्या हजेरीपटांखाली. कपाटाचं दार नीट लागत नाही, त्यामुळे फटीतून वर्ग दिसायचा. टॅबला मऊ कापडाने पुसायचे. त्याला शिवण्याआधी मुलांनी हात धुवायचे. माझ्यावर चहाच्या कपाचे तीन गोल डाग आहेत. त्याचं काम चांगलं होतं, हेही मला दिसत होतं आणि त्यानेच मी जास्त जळत होते. भाताच्या गोण्यांवरून त्याने गुणाकाराचा असा खेळ रचला, की एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी मुलंही हात वर करू लागली. मी मनात म्हणत होते, एकदा तरी तोंडघशी पड.

तो पडला. जुलैच्या सुरुवातीला त्याने चाचणी घेतली. दहा उदाहरणं, प्रत्येकाला वीस सेकंद. वेळ संपला की पुढचं उदाहरण. त्यावरून मुलांचे तीन गट, हिरवा, पिवळा आणि लाल. पूजा पेरांवर मोजत राहिली आणि उदाहरणं तिच्या समोरून निघून गेली. दहापैकी दोन. टॅबने सुचवलं, हिला दुसरीच्या पातळीपासून शिकवा. बाईंच्या मागे पन्नास कामं होती. त्यांनी लाल गट दाराजवळच्या सतरंजीवर बसवला.

“बाई, मी लाल हाय का?” पूजाने विचारलं.

“तो नुसता रंग आहे गं. बस.”

मला आनंद झाला. मित्रांनो, हे सांगताना लाज वाटते, पण झाला. माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर पूजाविषयी काय लिहिलंय ते मला माहीत होतं. वाटलं, चुकला लेकाचा, आता बाई माझ्याकडेच येतील.

बाई आल्या नाहीत. चार दिवसांनी पूजा यायची थांबली. आवणीचे दिवस होते. भाताची रोपं लावायला घराघरातून मुलं शेतावर जातात, त्यामुळे कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. पुढच्या आठवड्यात बाकीची मुलं परतली, पूजाची जागा रिकामीच राहिली. मग एक दिवस तिची आजी भागीबाई शाळेत आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, म्हणून दारातच उभी राहिली.

“पोरीचं नाव काढून टाका बाई. नाय जमत तर कशाला बसवायचं? ती म्हणती, मला डोकंच नाय.”

“आजी, असं काही नाही. टॅबवर चाचणी घेतली, त्यात जरा...”

“गेल्या साली तुमीच म्हणल्या व्हत्या, पोर सावकाश हाय पण पक्की हाय. आता ती मशीन म्हणती, तिला येत नाय. मग खरं कोण?”

शेतावर काम खोळंबलं होतं, भागीबाई निघून गेली. बाईंनी कपाट उघडलं, हजेरीपट बाजूला सारले आणि माझी पानं उलटायला लागल्या.

सत्तेचाळिसावं पान वाचून त्या डोक्याला हात लावून बसल्या. “मीच लिहिलंय,” इतकंच म्हणाल्या. मग टॅब उघडून त्यांनी माझा समास त्याला वाचून दाखवला. वेळेची अट काढ, जी मुलगी थांबून मोजते तिला थांबू दे, असं सांगितलं. त्याने लगेच ऐकलं. नवी चाचणी केली, गट मोडले, आणि रुसला तर मुळीच नाही. त्याला बिचाऱ्याला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र सगळं माहीत होतं. वहीला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी चाचणीच्या दिवशी मी बोलले नसते.

शाळा सुटल्यावर बाई मला पिशवीत घालून भागीबाईच्या शेतावर गेल्या. टॅबही पिशवीत होता, पण बाहेर काढलं मला. बांधावर उभं राहून बाईंनी ते पान पूजासमोर धरलं.

“वाच.”

तिने चिखलाचे हात फ्रॉकला पुसले आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. शेवटची ओळ तिने दोनदा वाचली.

“हे माझंच हाय?”

“तुझंच. मागच्या दिवाळीच्या आधी लिहिलंय.”

“मंग मला का नाय सांगितलं?”



पूजाने ते पान मागितलं. सहीचं पान फाडायचं नसतं, शाळेच्या दप्तरात ते जपावं लागतं. बाईंनी ते फाडलं. मला लागलं, पण मी कुरकुरले नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा शाळेत आली. टॅबवरची दहाही उदाहरणं तिने अर्धा तास लावून सोडवली आणि शाब्बासकी दिली ती टॅबनेच. त्याचा हेवा मला अजून वाटतो.

मित्रांनो, जुन्या वह्या जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार होते. आता सांगत नाही. मला कपाटात जपूनच ठेवलं होतं आणि तेवढ्यात एक मुलगी स्वतःला ढ समजून घरी बसली. तुम्हाला कोणाविषयी काही चांगलं ठाऊक असेल, तर ते त्याला आजच सांगा.