अडलेल्या गाईचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. करंगळीएवढा जाड, दोन्ही टोकांना एकेक फास असलेला. मला पाहून कुणालाही वाटेल, याने फार तर कपडे वाळत घातले असतील. छे! माझ्या जोरावर कितीतरी वासरांनी उजेड पाहिला आहे. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दोर आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला चांगल्या सुतापासून वळलं. वळताना तो माझ्यावर दात-ओठ खात होता, कारण मी जन्मतःच हट्टी. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आमच्या खानदानातलीच! सूत मऊ असतं, वासराच्या पायाला काचत नाही, म्हणून बाईंनी मला निवडलं. त्यांच्या गाडीत साबण, बादली आणि औषधांच्या पेटीशेजारी माझी जागा होती.

जनावरांचं डॉक्टर होणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं. रोगी बोलत नाही. कुठे दुखतं ते सांगत नाही, वर लाथ मारतो. बाई ओल्या फरशीवर आडव्या पडत, खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालत आणि डोळे मिटून चाचपत. हातच त्यांचे डोळे. वासराच्या पायांत मला अडकवलं, की गाईला कळ येईल तेव्हाच ओढायचं आणि कळ ओसरली की थांबायचं, हा त्यांचा दंडक होता.

एका दुपारी दूधवाल्या काकूंचा निरोप आला. त्यांची ठमी अडली होती. काकूंचं सगळं घर त्या एका गाईवर चालायचं. आम्ही पोचलो तेव्हा ठमी मान टाकून पडली होती आणि काकू तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या.

"बाई, काहीही करा, पण माझी ठमी वाचवा," काकू म्हणाल्या.

बाईंनी हात घातला. दोन खूर लागले, डोकं लागलं. वासरू सरळ आहे असं त्यांना वाटलं. गाय थकत चालली होती, म्हणून त्यांनी घाई केली. एका खुराला माझं एक टोक, दुसऱ्याला दुसरं. काकूंचे दीर आणि दोन शेजारी मला धरून उभे राहिले. कळ आली. "ओढा!" बाई म्हणाल्या.

मी ताणला गेलो, पण काही हललं नाही. पुन्हा कळ, पुन्हा ओढ. ठमीने असा हंबरडा फोडला की माझा पीळन् पीळ थरारला. आणि मित्रांनो, मला कळलं! दोन्ही टोकांकडून येणारा ताण वेगवेगळा होता. एका टोकाला एक जीव होता, दुसऱ्या टोकाला दुसराच. मला तोंड असतं तर मी गोठा डोक्यावर घेतला असता.

"अजून दोघांना बोलावतो," दीर बाह्या सावरत म्हणाले. "कसं येत नाही ते बघतोच!"

"थांबा!" बाई ओरडल्या. "दोर सोडा आधी!"

"अहो, आता सोडून कसं चालेल?"

"सोडा म्हणते ना, दादा! काहीतरी खटकतंय."

त्यांनी पुन्हा हात घातला. या वेळी प्रत्येक पाय खुरापासून थेट अंगापर्यंत चाचपत नेला. मग त्या काकूंकडे वळून सरळ म्हणाल्या, "काकू, माझं चुकलं. आत जुळी आहेत. एकाचा पुढचा पाय आणि दुसऱ्याचा मागचा पाय मी एकत्र बांधला."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग आता सोडवा, बाई."

मला काढलं. दुसऱ्या वासराचा पाय बाईंनी मागे ढकलला. ठमी कळ देऊन त्यांचा हात चिरडत होती आणि बाई ओठ चावून पहिल्याचा आत दुमडलेला दुसरा पुढचा पाय शोधत होत्या. हात बधिर झाला, तेव्हा त्यांनी दुसरा घातला. हार मानायची नाही म्हणजे नाही! शेवटी दोन पाय, एक डोकं, सगळं एकाच वासराचं, अशी खात्री पटल्यावर मला बांधलं. दोन कळांत कालवड बाहेर आली. पाठोपाठ तिचा भाऊ मागच्या पायांनी आला, निपचित. बाईंनी त्याचं नाक-तोंड पुसलं, गवताने अंग खसाखसा चोळलं. चोळतच राहिल्या. तो शिंकला तेव्हा काकू हसत-रडत खालीच बसल्या.

बाईंना पाण्याचा पेला धरवेना, पण मला त्यांनी आधी उकळायला टाकलं.

आता माझी जागा पोलादी साखळीने घेतली आहे. मध्यंतरी कुणीतरी मला वापरून स्कूटरवर पत्रे बांधले आणि मला ओलाच कोपऱ्यात फेकून दिलं. राग आला, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, दोर असो की साखळी, काम झालं की धुवा, उकळा, नीट वाळवा. आणि सगळे ओढायला उभे असताना हाताला काही खटकलं, तर लाज न बाळगता थांबा म्हणा. बाई त्या दुपारी थांबल्या नसत्या, तर मी काही तुटलो नसतो. ठमी गेली असती.