नावानिशी प्रार्थना

सुषमाताईंच्या तोंडात तीळ भिजत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांना फार लागलं असतं. त्या चहाड्या करत नसत, प्रार्थना करत. वराळ्याच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक राजेंद्र यांच्या त्या पत्नी, म्हणून सगळ्यांच्या पाळकीणबाई. मंडळीचा ‘प्रार्थना साखळी’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप त्याच चालवत. कुणाचं ऑपरेशन असो की नोकरी, तिथं नावानिशी पडायचंच. मोघम प्रार्थनेला जोर येत नाही, असं त्यांचं ठाम मत. देव सर्वज्ञ आहे हेही त्यांचंच मत. दोन्ही मतं सुखानं नांदत होती.

एका रविवारी उपासनेनंतर रुपालीनं त्यांना बाजूला घेतलं. “बाई, मला डिप्रेशन आहे. तळेगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. घरी माहीत नाही. माझ्यासाठी प्रार्थना कराल?”

सुषमाताईंचे डोळे भरून आले. पोरीवर त्यांचा जीव होता. घरी पोचायच्या आतच त्यांनी ग्रुपवर टाकलं : ‘बहीण रुपाली नैराश्याच्या गोळ्या घेत आहे. तिची सुटका व्हावी.’

आमेनवर आमेन आले. कुणीतरी लिहिलं, ‘विश्वास असेल तर गोळ्या कशाला?’ रुपालीच्या सासूबाई त्याच ग्रुपवर होत्या, हे पाळकीणबाईंच्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी रुपाली ग्रुपमधून बाहेर पडली.

पुढच्या रविवारी ती उपासनेला आली नाही, तेव्हा सोमवारी सकाळीच सुषमाताई तिच्या घरी गेल्या. पोरगी अर्धी झाली होती.

“गोळ्या बंद केल्या,” ती म्हणाली. “सासूबाई रोज विचारतात, प्रभूवर भरवसा न्हाई का तुजा? परवा गच्चीवर गेले होते, बाई. कपडे वाळत घालायला नाही.”

“चुकलं माझं,” सुषमाताई म्हणाल्या. आयुष्यात एवढी छोटी प्रार्थना त्यांनी केली नव्हती. “चल, आत्ता डॉक्टरांकडे जाऊ.”

“कुणी बघितलं तर?”

“मी आहे ना.”

दवाखान्यात दोघी बाकावर बसल्या. शेजारीच हाडांचे डॉक्टर. तिथून गुडघा दाखवून मंडळीतल्या भामाबाई लंगडत बाहेर आल्या. दारावरची ‘मानसोपचार’ ही पाटी त्यांनी वाचली. मग रुपालीकडे असं बघितलं की पोरगी उठून निघायलाच लागली. सुषमाताईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

“पाळकीणबाई, तुमी हितं? हिला घिऊन आलाय व्हय?”

“नाही,” सुषमाताई म्हणाल्या. “मलाच दाखवायचंय. ही माझ्या सोबतीला आलीय.”

“तुमाला? अवो, पण तुमी तर पाळकीणबाई!”

“मग? पाळकीणबाईचा गुडघा दुखत नाही का?”

भामाबाई जिना उतरून गेल्या. रुपाली परत बाकावर बसली आणि तिचा नंबर आल्यावर आत गेली.

दुपारी जेवताना राजेंद्रांनी मोबाइल पुढे केला. ग्रुपवर भामाबाईंचा आवाज होता, गहिवरलेला आणि अगदी मनापासूनचा : “आपल्या पाळकीणबाईंच्या डोक्यावर परिनाम झालाय. समद्यांनी त्यांचं नाव घिऊन प्रार्थना करा.” खाली आमेनची रांग लागली होती.

“हे काय आहे?” राजेंद्रांचा चेहरा उतरला होता. “लोक काय म्हणतील? खोटं असेल तर लिही तसं.”

सुषमाताईंनी मोबाइल हातात घेतला. एक ओळ लिहिली की संपत होतं. प्रत्येक आमेन त्यांना अंगावर चिखल उडाल्यासारखा लागत होता. रुपालीनंही त्या रविवारी असेच आमेन सासूच्या समोर बसून वाचले असतील, हे त्यांना आत्ता कळलं आणि त्यांना रडू फुटलं.

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर रुपालीचा निरोप आला. ‘बाई, सासूबाईंनी ग्रुपवरचं ऐकवलं. मी खरं काय ते सगळ्यांना सांगू का?’

‘नको,’ त्यांनी लिहिलं. ‘गोळी घेतलीस?’

‘घेतली. सासूबाईंसमोर घेतली. म्हणाल्या, पाळकीणबाई बी घेत्यात म्हनं, घे.’