कलम अकरा

लीगचं ऑफिस पत्रकं काढायचं आणि प्रशांतही पत्रकं काढायचा. फरक एवढाच, की प्रशांतच्या पत्रकावरचा शिक्का जास्त खरा वाटायचा.

प्रशांत म्हणजे मूसी रायनोज या रग्बी टीमचा सामानवाला. जर्सी धुवून घड्या घालायच्या, बुटांचे खिळे आवळायचे, बॉलमध्ये हवा भरायची. वय एकोणपन्नास, मुक्काम जामबाग, अकरा वर्षं याच टीमबरोबर. लॉकडाउन लागला, सीझन अर्ध्यात बंद पडला आणि हा माणूस दहा महिने घरी बसला. पहिल्या महिन्यात त्याने घरातले सगळे कपडे नंबर टाकून रचले. दुसऱ्या महिन्यात बायको, भामा, म्हणाली, "तुम्ही काहीतरी उद्योग करा हो, नाहीतर मी करते तुमचं काहीतरी."

मग त्याने उद्योग केला. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लीगच्या नावाने पत्रक टाकलं: सोमवारी सकाळी सहाला मैदानावर हजर राहावे. पाच धिप्पाड गडी तोंडाला मास्क लावून पोचले. वॉचमनने त्यांना काठी दाखवून हाकललं. प्रशांत गच्चीवर बसून त्यांचे शिव्यांचे मेसेज वाचत इतका हसला, की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला आले.

घोळ झाला तो खरी पत्रकं यायला लागल्यावर. स्क्रममध्ये सोळा जणांनी डोक्याला डोकं भिडवून खुशाल ढकलावं, पण मॅच संपल्यावर हात मिळवू नये. बेंचवर ओरडू नये. कॅप्टनचा लगेच फोन.

"काका, हे तुमचंच ना?"

"नाही रे हर्षद. देवाशपथ ऑफिसचं आहे."

"मागच्या वेळी पण देवाशपथच बोलले तुम्ही."

"अरे, सोळा जण गळ्यात गळे घालतात आणि हात मिळवला की रोग होतो, असलं मला सुचेल का? एवढं डोकं असतं तर मी जर्स्या धुतल्या असत्या का मियाँ?"

हळूहळू प्रशांतचाच गोंधळ उडायला लागला. 'प्रत्येकाने स्वतःचा चमचा आणावा' हे कुणी लिहिलं होतं? त्याने, की ऑफिसने? तो भामाला विचारायचा. भामा म्हणायची, "मला काय माहीत? दोन्हीकडे शहाणे कमीच आहेत."

शेवटी सीझन उघडला. अख्खी टीम गच्चीबावलीच्या एका हॉटेलात कोंडली. बाहेरचा माणूस आत नाही, आतला बाहेर नाही. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड. खेळाडूंचं हिरवं, बाकीच्यांचं पिवळं. पिवळ्या कार्डाने मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं, की कार्ड गेलं आणि माणूस घरी. हे कलम खरं होतं. प्रशांतने ऑफिसला फोन करून खात्री केली होती.

पहिल्या मॅचच्या सकाळी मॅनेजर सुलभाने त्याला बाजूला घेतलं. बाई पुण्याची, आयटीतली नोकरी सोडून आलेली. मास्कवरून फक्त डोळे दिसायचे, त्यामुळे ती रागावलीय की थट्टा करतेय ते कधी कळायचंच नाही.

"प्रशांत, आता पुरे. आणखी एक खोटं पत्रक निघालं, तर तुमचं कार्ड मी स्वतः काढून घेईन. मग सीझनभर घरी टीव्हीवर बघा."

"हौ मॅडम. आता बिलकुल नाही."

तो खरंच बोलत होता. पंचाईत अशी, की त्याचं शेवटचं पत्रक आदल्याच दिवशी निघालं होतं.

ड्रेसिंग रूममध्ये शिरला तर ते भिंतीवर! हर्षदने प्रिंट काढून खऱ्या पत्रकांच्या मधोमध चिकटवलं होतं. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधलं पोरगं ते, नियम म्हणजे नियम. खाली लाल पेनाने रेघही मारली होती. कलम अकरा: शेवटच्या पाच मिनिटांत खेळाडूंना घाम जास्त येतो, सबब किक मारण्यापूर्वी बॉलवर औषध फवारावे व तो एक मिनिट वाळू द्यावा. किक मारणाऱ्याने तोवर तीन फूट दूर शांत उभे राहावे. बोर्डावर वाळण्याचे सेकंद दिसतील.

प्रशांतने कागद फाडायला हात वर केला, तेवढ्यात मागून सुलभा आली. तिने सगळं वाचलं.

"हे बरं केलंस हर्षद. निदान एक जण तरी पत्रकं वाचतो."

प्रशांतचा हात तसाच वर राहिला. मग त्याने त्या हाताने डोकं खाजवलं. जाऊ दे, तो मनाशी म्हणाला. शेवटच्या पाच मिनिटांत किक येतेच कशाला!

मॅच सुरू झाली. वीस हजार खुर्च्या, माणूस एक नाही. स्पीकरवर गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज. तो लावणाऱ्याला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे बॉल हातातून सुटला की जल्लोष आणि आपला गडी बॉल घेऊन रेषेपलीकडे पोचला की शांतता. खेळाडू आधी स्पीकरकडे बघायचे, मग एकमेकांकडे. प्रशांत रेषेबाहेर बसून बॉल पुसत होता. पुसायचं कलम ऑफिसचं होतं. बहुतेक.

वेळ संपता संपता रायनोज दोन गुणांनी मागे. तेवढ्यात समोरच्या विशाखापट्टणमच्या गड्याने आगाऊपणा केला, पंचाने शिट्टी फुंकली, रायनोजला पेनल्टी. पोरांना आनंद झाला आणि प्रशांत ताडकन उठून उभा राहिला. बॉल स्टँडवर ठेवायचा, दोन खांबांच्या मधून मारायचा, तीन गुण, मॅच खिशात. मारायला वेळ एक मिनिट. मिनिट संपलं, की किक बाद.

बोर्डावर आकडा लागला. साठ. एकोणसाठ.

हर्षदने बॉल ठेवला, मोज्यात खोचलेल्या बाटलीतून त्यावर औषध फवारलं, तीन फूट मागे गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

पन्नास.

बेंचवर कुणाला काही वाटलं नाही. सगळ्यांनी कलम अकरा वाचलं होतं. सुलभासुद्धा मान डोलवत होती. सगळ्या रायनोजमध्ये फक्त प्रशांतला माहीत होतं, की तो आकडा बॉल वाळण्याचा नाही, किकचाच आहे.

"हर्षद! मार रे! मार!"

"बेंचवर ओरडायचं नाही," शेजारचा डॉक्टर म्हणाला.

अडतीस.

"हर्षद, कलम अकरा खोटं आहे! मी लिहिलं ते! मी!"

हर्षदने ऐकलं. रिकाम्या मैदानात कोण ऐकणार नाही? त्याने हसून अंगठा वर केला.

"नक्को काका! आज नाही फसणार!"

"अरे भामाची शपथ!"

"सात वेळा घेतली तुम्ही ती!"

आणि स्पीकरवर प्रचंड जल्लोष झाला.

चोवीस. प्रशांतने सुलभाकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती. आता तिला समजलं होतं, तिचे डोळे वाटीएवढे झाले होते. तो पायापुढच्या पांढऱ्या रेषेकडे बघत राहिला. चार बोटं रुंद चुना. पलीकडे गेलं की जामबाग, भामा आणि नंबर टाकलेले कपडे.

एकोणीस.

"साला माझाच शिक्का," तो म्हणाला आणि रेषा ओलांडून धावत सुटला. पोट पुढे, पिवळं कार्ड पाठीवर उडतंय, हातात पुसायचं फडकं.

हर्षदचं हसू गेलं. काकांनी शपथा कितीही घेतल्या असतील, पण ती रेषा थट्टेत ओलांडणारा माणूस हा नव्हे. हर्षद बॉलकडे वळला. पाच. चार. पाय फिरला. बॉल उडाला, डाव्या खांबाला ठण्ण करून आपटला आणि आत पडला.

स्पीकरवर पूर्ण शांतता.

सुलभा चालत आली आणि तिने हात पुढे केला. प्रशांतने कार्ड काढून दिलं.

चार दिवसांनी तो जामबागच्या घरी चहा पीत बसला होता. फोन वाजला. लीगचं पत्रक: सामानवाल्याने तपासणीचा रिपोर्ट घेऊन सोमवारी सकाळी सहाला मैदानाच्या गेट तीनवर हजर राहावे. स्वतःचा चमचा आणावा.

त्याने शिक्का मोठा करून बघितला. जरा जास्तच खरा वाटत होता. त्याने हर्षदला फोन केला.

"काय रे, हे तुझं काम ना?"

"देवाशपथ नाही काका," हर्षद म्हणाला आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. किंवा खोकलं.

"जाऊ का नको गं?" त्याने भामाला विचारलं.

भामाने चमचा आणून हातात दिला.

सोमवारी सहाला तो गेट तीनसमोर उभा. वॉचमन तोच, काठी तीच. त्याला कुठल्याच पत्रकाचा पत्ता नव्हता. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. प्रशांत परत वळणार, तोच गेटाचं छोटं दार उघडलं आणि सुलभा बाहेर आली. हातात यादी.

"रिपोर्ट?"

"आणला."

"चमचा?"

"आणला मॅडम."

"दाखवा."

त्याने खिशातून काढून दाखवला. तिने तो उलटसुलट बघितला, यादीत खूण केली आणि पर्समधून पिवळं कार्ड काढून त्याच्या गळ्यात घातलं. प्रशांत तिच्या डोळ्यांत टक लावून बघत राहिला. मास्कच्या आत ती हसत होती का?

"मॅडम, ते चमच्याचं कलम नक्की कुणाचं?"

"मला वाटलं, तुमचं," ती म्हणाली आणि आत गेली.