फितीचा दीड मीटर

स्पिरिदोन इंजिनिअरसाहेबांनी तीस वर्षांत अकरा पूल बांधले, आणि अकराही पुलांवर आम्हा गवंड्यांची टिंगल केली. आमच्याकडे पाया भरताना कुणाची तरी सावली वेळूच्या काडीने मोजतात आणि ती काडी दगडांत चिणतात. पूल टिकतो, आणि ज्याची सावली तो चाळीस दिवसांत जातो. साहेब व्हिएन्नात शिकलेले. कुणाच्या हातात काडी दिसली की त्याला कामावरून काढायचे. मलाही एकदा काढलं होतं. तो राग मी अजून गिळलेला नाही.

परवा यांत्रा नदीवरचा त्यांचा पहिलाच पूल आम्ही रुंद करायला घेतला. साहेब आता घरीच असतात, तरी काठी टेकत आले.

"गेंचो मिस्त्री, मधल्या खांबाला हात लावू नका."

"तोच तर आड येतोय, साहेब. आत राकियाची बाटली लपवलीय की काय?"

कामावरची पोरं हसली. दुपारी खांबाच्या पायातला दगड हलला आणि खरंच लाख लावून बंद केलेली बाटली निघाली. मी ती फोडली. आत दारू नव्हती, मापं घ्यायच्या कापडी फितीचा तुकडा होता. बरोबर दीड मीटर, कात्रीने कापलेला.

मी तो लगेच ओळखला. साहेबांच्या फितीला पहिला दीड मीटर नव्हताच. जन्मभर ते तेवढा वजा करून मापं सांगायचे. उंदरांनी कुरतडला म्हणायचे.

"साहेब, ही सावली कुणाची?"

ते दगडावर बसले. "खांब दोनदा खचला होता. गणित बरोबर होतं, मिस्त्री, तरी खचला. मी घाबरलो. म्हटलं, गुपचूप स्वतःचीच सावली घालू. पण स्वतःची मोजता येत नाही. वाकलं की ती आखडते. तेवढ्यात द्राग्ना जेवण घेऊन आली. म्हणाली, तुम्ही उभे राहा, मी मोजते."

"मग?"

"मी म्हणालो, तुला फीत सरळ धरता येत नाही. तूच उभी राहा."

द्राग्नाबाईंची, साहेबांच्या बायकोची, शवपेटी मी खांद्यावर वाहिली होती. खांब भरल्यापासून सदतिसाव्या दिवशी तापाने गेल्या. ही कुणाची करणी म्हणून मी माझ्याच माणसांना शिव्या घातल्या होत्या, आणि हा माणूस शेजारी उभा राहून गप्प ऐकत होता.

"त्यांना ठाऊक होतं, कशासाठी मोजताय?"

"ती याच गावची ना. हसली आणि उभी राहिली."

साहेब उठले. काठी बाजूला ठेवून उन्हात ताठ उभे राहिले.

"नवा खांब भरायचाय ना? मोजा माझी. घाई करू नका, फीत सरळ धरा."

ज्या कामापायी त्यांनी मला हाकललं होतं, तेच आता माझ्याकडे मागत होते. तुकडा माझ्या हातात होता. मला खाली वाकवेना.