विहिरीतलं मांजर

दोघी बहिणींनी शब्दांतून खेळायचा ऑनलाइन खेळ लिहिला आणि फुकट वाटला. अट एकच: सुरुवातीला दोघींची नावं दिसली पाहिजेत. एका पठ्ठ्याने ती नावं पुसली आणि खेळ स्वतःच्या नावावर खपवला. विचारलं तर म्हणे, "एकेक ओळ माझी आहे!"

थोरलीचा संताप मस्तकात गेला. "वकीलच गाठते."

"ताई, आधी त्याच्या खेळातल्या विहिरीपाशी जा," धाकटी गालातल्या गालात हसली. "आणि तीनदा डोकाव."

थोरली त्याच्या खेळात शिरली. विहिरीपाशी खेळाचा हा नवा मालक स्वतः हजर होता, भोवती वीसेक खेळाडू.

> विहिरीत डोकाव
विहीर खोल आहे.
> विहिरीत डोकाव
अजूनही खोलच आहे.
> विहिरीत डोकाव
मांजर वर येऊन म्हणतं, "ताई, आज भांडी घासायची पाळी तुझी."

खेळाडूंच्या हसण्याने पडदा भरून गेला.

मालक: हे कुठून आलं?
थोरली: एकेक ओळ तुझी ना रे? मग ही ताई कोण?

मग खेळ बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तेव्हा सर्वांत वर दोघींची नावं होती.

"झालं!" थोरलीने हात झटकले.

"झालं कसं?" धाकटीने मोरीकडे बोट दाखवलं. "मांजर खोटं बोलत नाही."